चार बांबूंवरचं टाचण

पोलकं जिथं होतं तिथंच लटकत होतं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात लोकूमल मास्टरचं शिलाईचं दुकान, त्या दुकानात मशीनच्या मागच्या फळीवर खिळ्यांची रांग, आणि त्यातल्या एका खिळ्यावर वेणूचं पोलकं. निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. उजवी बाही लागलेली, डावी नुसतीच अडकवून ठेवलेली. वेणू पायरीवर छत्री मिटत उभी राहिली आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी करू लागली. दीड महिना झाला होता. बाहीची लांबी बघायला परत या, असं मास्टरने सांगितलं होतं आणि आली नव्हती ती स्वतःच, पण म्हणून काय झालं, भांडायला तेवढं पुरे होतं. आता हा विचारणार, नाव काय, कधी टाकलं, माप कुठलं, पावती कुठंय. आणि पावती तर तिने केव्हाच हरवली होती. पण लोकूमलने काही म्हणजे काही विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मागे न वळताच हात लांब करून पोलकं खिळ्यावरून काढलं, त्याला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावरची पेन्सिलीची एक ओळ वाचली, आणि म्हणाला, "एक बाही बाकी. हाथ दिखाओ बेटी. हां, बस. बैठो, अभी होता है." त्याने सुईखाली कापड सरकवलं आणि पायडल मारलं. दीड महिन्यापूर्वी जिथं थांबला होता तिथूनच. वेणूच्या अंगावर सर्रकन काटा आला. असा काटा यायला त्यात काय होतं, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ती बाकावर बसली आणि भांडायचं विसरून त्या खिळ्यांकडे बघत राहिली.

बघते तर काय, खिळ्यांच्या चार ओळी होत्या. एकीवर नुसती कापलेली कापडं, दुसरीवर अर्धी शिवलेली, तिसरीवर काजं-बटणं राहिलेली, आणि चौथीवर इस्त्री होऊन तयार. प्रत्येकाला पुठ्ठ्याचा एक तुकडा, तुकड्याला त्याच कापडाची चिंधी, आणि त्यावर एक ओळ. तेवढ्यात एक बाई आली, तिचा झगा दुसऱ्या ओळीतून निघाला. एक म्हातारा आला, त्याचा पायजमा तिसऱ्या ओळीतून. कोण कधी आला, किती दिवसांनी आला, याची मास्टरला फिकीरच नव्हती. आला की खिळा, खिळ्यावरून ओळ, ओळीवरून काम. दुकानात तीन कारागीर होते, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, जो रिकामा होई तो उठून एक कपडा काढून घेई. वेणूला एकाएकी आपली शाळा दिसायला लागली. एकतीस पोरं, चार इयत्ता, एक बाई. आणि ती एक बाई त्या चार इयत्तांमध्ये धावतेय, पहिलीला अक्षर गिरवायला सांगते तोवर तिसरीत मारामारी, तिसरीला गप्प करते तोवर चौथीतली पोरं खिडकीतून उतरून नदीवर. वेणू स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई!" आणि ते इतकं मोठ्याने म्हणाली की लोकूमलने पायडल थांबवलं.

टाचण म्हणजे काय हे शाळेत शिकवणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की उद्या वर्गात काय शिकवणार ते आज वहीत लिहून ठेवायचं, त्याचं नाव टाचण. वेणूची शाळा बदलापूरहून उल्हास नदीच्या पलीकडे, मांजर्लीसमोरच्या टेपवाडीत, मारुतीच्या देवळात भरायची. सातवीची फायनल पास झालेली आगऱ्यांच्या घरातली ती पहिली मुलगी, ट्रेनिंग झालेलं नाही, पण उत्साह असा की विचारू नका. कल्याणच्या कमळाबाई म्हणून एक नावाजलेल्या शिक्षिका होत्या, त्यांची टाचणवही बघायला वेणू मुद्दाम गेली होती. हेतू, प्रस्तावना, विषय, उजळणी, सगळं रकान्यांत, निळ्या, लाल आणि हिरव्या शाईत. वेणूनेही तीन दौती आणल्या. पहिल्या वर्षी दर रविवारी बसून आठवड्याचं टाचण लिहायची, मोत्यासारखं अक्षर, आणि सोमवारी देवळात जाऊन बघावं तर ज्यांच्यासाठी लिहिलं ती पोरं नाहीतच! आईबापांबरोबर शेतात राब भाजायला गेली. करवंदं विकायला गेली. गुरांमागे गेली. आणि ज्यांना गेल्या महिन्यात शिकवलं असतं ती उजाडल्याबरोबर पाटी घेऊन दारात हजर. मग तिने पंधरा दिवसांचं टाचण करून पाहिलं. मग रोजच्या रोज. मग एका पाटीवर सगळ्यांची नावं लिहून रकाने पाडले, ते पहिलीच्या पोरांनी थुंकी लावून पुसले. शेवटी शेवटी तर तिने अगदी लाजिरवाणी गोष्ट केली. आधी शिकवायचं, आणि मग जे शिकवलं ते टाचण म्हणून लिहायचं. निदान खोटं तरी नाही, अशी मनाची समजूत. आणि नेमके जुलैत दिपोटीसाहेब आले, शाळा तपासायला. दौलतराव म्हणून होते, कमी बोलणारे, कोटाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी वही उघडली आणि आजच्या पानावर सहज बोट ठेवलं. बोट निळं झालं. त्यांनी उद्याचं पान उलटलं. कोरं. ते काही रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. रुमालाने बोट पुसत त्यांनी शेरेबुकात लिहिलं, 'टाचण आहे. अध्यापनाशी मेळ नाही.' आणि उठताना म्हणाले, "महिन्याने परत येतो. असंच असेल तर एका शिक्षिकेकडे चार इयत्ता ठेवता यायच्या नाहीत. चौथी काढावी लागेल. पोरं बदलापूरला जातील."

जातील म्हणे! वेणू त्या दिवसापासून हा शब्द दाताखाली धरून होती. पावसाळ्यात ही नदी होडी अडवून ठेवते, आणि उन्हाळ्यात पोरांना कामं असतात, जाणार कुठली बदलापूरला? चौथीत सात जण होते. साती जण सरळ गुरांमागे जातील, आणि पुतळी भाताच्या आवणीला जाईल ती कायमचीच. पुतळी वरच्या ठाकरवाडीतली, भीमाची पोर. त्या वाडीतून चौथीपर्यंत आलेली पहिली. अकरा वर्षांची, हाडकुळी, आणि प्रश्न विचारताना मान अशी तिरपी करायची की बाईंनाच उत्तर देताना अवघडायला व्हावं. सतरा दिवस होऊन गेले होते. सतरा दिवस वेणू एकच हिशेब करत होती, आणि आज पहिल्यांदाच, त्या खिळ्यांकडे बघता बघता, तो कुठंतरी जुळायला लागला होता.

"मास्टर," ती म्हणाली, "तुम्ही तारीख लिहीत नाही? कुठल्या दिवशी काय शिवायचं ते?"

लोकूमल हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "तारीख लिखके क्या करूं बेटी? तारीख थोडी सिलनी है? सिलना कपडा है. कपडा जिधर रुका, उधर से चालू. गिऱ्हाईक आज आवे, दिवाली को आवे, उसकी मर्जी." मग त्याने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि मशीनकडेच बघत म्हणाला, "उधर सिंध में, सक्कर में दुकान छोडा, तब सत्ताईस कपडे थे खिले पे. डॉक्टर साहब का कोट, कॉलर बाकी. एक दुल्हन का कुर्ता, सिर्फ बटन बाकी. सब याद है. आज भी कोई लाके दे ना, तो मैं पूछूंगा नहीं, इतने साल किधर था. उधर से ही चालू करूंगा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, दोन्ही एकदमच. ती उठून उभी राहिली. "मास्टर, पुठ्ठे आहेत तुमच्याकडे? ताग्यातले? आणि चिंध्या?" लोकूमलला वाटलं पोरीला गोधडी शिवायची असेल. त्याने कापडाच्या ताग्यांतून निघालेल्या पुठ्ठ्यांची चळत दोरीने बांधून दिली, आणि एक पिशवी भरून चिंध्या. "तू भी मास्टर, मैं भी मास्टर, ले जा," म्हणाला. वेणू पुठ्ठे काखेत मारून अशी निघाली की मागून तो काहीतरी ओरडत होता तेही तिला ऐकू आलं नाही.

कॅम्प ते अंबरनाथ आणि अंबरनाथ ते पालेगाव, थेट घरापर्यंत, ती चालत गेली. टांगा दिसला, पण टांग्यात बसून विचार करता आला नसता. विचार चालताना येत होते, एकावर एक, आणि प्रत्येकाला तिला मोठ्याने हो म्हणावंसं वाटत होतं. दिवसाचं टाचण करायचंच नाही! वर्गाचं टाचण करायचंच नाही! पोराचं करायचं. पोरागणिक एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर, कुठपर्यंत आलं आणि कुठं अडलं. मग पोर आज येवो नाही तर महिन्याने येवो, पुठ्ठा तिथंच थांबलेला. आणि चार ओळी. चार इयत्ता नव्हेत, चार ओळी! शिकायचं, गिरवायचं, दाखवायचं, झालं. बाईंनी शिकवायचं ते फक्त पहिल्या ओळीतल्यांना, मग ते पहिलीचे असोत की चौथीचे. गिरवायचं त्यांनी आपलं आपण गिरवावं. दाखवायचं त्यांनी 'झालं'वाल्यांना दाखवावं, आणि त्यांनी पास केलं तरच बाईंकडे यावं. अंबरनाथच्या कारखान्यातून पाळी सुटली होती, कामगारांचा लोंढा समोरून येत होता, आणि त्या लोंढ्यातून ही बाई पुठ्ठ्यांची चळत सावरत, ओठ हलवत, मधेच थांबून बोटं मोजत चालली होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "काय हरवलंय वाटतं बाईचं." हरवलंय? सापडलंय रे बाबा, सापडलंय! असं त्याला हाका मारून सांगावं इतका आनंद तिच्या छातीत मावत नव्हता. पावसाची सर येऊन गेली तेव्हा तिने छत्री पुठ्ठ्यांवर धरली आणि आपण भिजली. आणि पालेगावच्या पहिल्या बांधावर पाय ठेवला तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की पोलकं दुकानातच राहिलं.

ओसरीवर तिचे वडील हरिचंद्र इरलं टांगत होते. त्यांनी लेकीला नखशिखान्त पाहिलं. "पोलका आणाया गेलतीस ना गो? पोलका कुठं हाय?" वेणू म्हणाली, "राहिलं." "आन् ही पुठ्ठं कसली?" "शाळेला." हरिचंद्र ओसरीवर तिच्यासाठी जागा करून बसले, आणि ती कात्री घेऊन पुठ्ठे कापायला लागल्यावर बराच वेळ बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "मिठागरावरनं आलो तवाचं आठवतंय तुला?" आठवत नव्हतं कसं? तीच तर गोष्ट आज दुपारपासून तिच्या मागे लागली होती, फक्त समोर येत नव्हती. ती आठ वर्षांची होती. चार महिने सगळं घर खाडीकाठी मिठागरावर गेलं होतं, आई-बाप मीठ ओढायला आणि वेणू धाकट्याला सांभाळायला. परत आली तेव्हा पायांना मिठाने चिरा पडलेल्या, आणि तशा पायांनी ती दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली, कारण चार महिने तिने रोज मनात दुसरीचं पुस्तक म्हटलं होतं, जेवढं येत होतं तेवढं, सोळाव्या धड्यापर्यंत. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझी जागा गेली. बस तिकडे बिगरीत." बिगरीतली पोरं धूळपाटीवर ग म भ न काढत होती. तिला सोळावा धडा येतो, हे कुणी विचारलंच नाही. तिने सांगायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, आणि मग वर्षभर ती ग म भ न काढत बसली. कात्री थांबवून वेणू वडिलांकडे पाहत होती. म्हाताऱ्याला हे कसं ठाऊक होतं की आज तिला नेमकं तेच आठवत असेल? हरिचंद्र विडीची राख झटकत म्हणाले, "त्या मास्तराला मी बोलाया पायजे व्हतं. बोललो नाय." एवढंच म्हणून ते उठून गोठ्याकडे गेले. वेणूने पुढचा पुठ्ठा उचलला आणि तो इतका सरळ कापला की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

सोमवारी पहिलाच खो बसला. देवळाच्या भिंतीला ती खिळा मारायला गेली तर चांगोबाबा धावत आले. मारुतीची पूजा त्यांच्याकडे. "देवाच्या भितीला खिळा? वेणूबाय, मास्तरीण झालीस म्हून काय झालं? जमायचं नाय!" बरोबरच होतं त्यांचं, आणि तरी वेणू रडायच्या बेतात आली. वाडीत ती सगुणाबाई आत्याकडे राहायची. आत्याने तर हातच जोडले. "येडी झाली का गो तू? दिपोटी येनार, वही लिव्ह गपगुमान." पण चांगोबाबा दुपारी स्वतःच चार बांबू घेऊन आले आणि एकही खिळा न मारता काथ्याने खांबांना आडवे बांधून दिले. "ह्याला देवाची हरकत नाय," म्हणाले. बांबू पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर आले, आणि तेव्हा वेणूच्या लक्षात आलं की खिळे असते तर उंच गेले असते, पुठ्ठा बाईंनाच काढून द्यावा लागला असता. आता पोरं आपली आपण काढू शकतील! तिने चांगोबाबांच्या पाया पडून घेतलं. ते गोंधळून मारुतीकडे बघायला लागले. मग पोरांनी चिंध्यांच्या पिशवीवर झडप घातली, प्रत्येकाने आपल्या पुठ्ठ्याला बांधायला चिंधी निवडली, कारण पहिलीच्यांना नाव वाचता येत नव्हतं, चिंधी ओळखता येत होती. देऊने रेशमी लाल उचलली, सोनीने पिवळी. पुतळीने सगळी पिशवी उपसून एक निळी काढली, पांढऱ्या ठिपक्यांची. वेणूच्याच पोलक्याचं कातरण. "ही माजी," म्हणाली. वेणू नुसती हसली.

आणि काय सांगावं, ते चाललं! पहिले दोन दिवस गोंधळ, तिसऱ्या दिवशी कमी गोंधळ, आणि चौथ्या दिवशी वेणूने मान वर करून पाहिलं तर देवळात एक वेगळाच आवाज होता, तीस जण आपापलं काहीतरी करत असल्याचा. ती खांबाला टेकून नुसती उभी राहिली, पाच मिनिटं, आणि तिला कुणी हाक मारली नाही. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. पोरं आल्या आल्या बांबूकडे पळत, चिंधी शोधत, आणि पुठ्ठा सांगेल तिथं बसत. देऊ तीन दिवस गुरांमागे होता, आला तो आपला पुठ्ठा घेऊन 'गिरवायचं'खाली जाऊन बसला, जणू काल संध्याकाळीच उठून गेला होता. वेणूला आत्याच्या घरी जेवण गोड लागायला लागलं. टाचणवही मात्र पेटीत तशीच पडून होती, जुलैतल्या त्या पुसटलेल्या पानावर. रोज ती म्हणायची, आज बसून वहीही लिहून टाकू, साहेबांपुरती. आणि रोज तिला वाटायचं, पुन्हा तेच? पुन्हा ओली शाई? हे खरं असून खोट्यासारखं लिहायचं? तिने लिहिलं नाही. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, चौथीचे सात पुठ्ठे ती रोज मोजून बघायची. पण भीतीच्या बरोबरीने गुदगुल्याही होत होत्या, आणि त्या काही केल्या थांबत नव्हत्या.

अठरा ऑगस्टला, बुधवारी, दौलतराव होडीतून उतरले. वेणूच्या अंगावर जुनं, काखेत ठिगळ लावलेलं पोलकं होतं. साहेब चांगोबाबांनी झटकून दिलेल्या सतरंजीवर बसले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "टाचणवही."

"नाही साहेब."

"नाही म्हणजे?"

वेणूने भाषण पाठ केलं होतं, सगळं विसरलं. तिने नुसतं बांबूंकडे बोट केलं. दौलतरावांनी पाहिलं. "हे काय, चिंध्या वाळत घातल्यात?" पोरं हसली. मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. पुठ्ठे, ओळी, कोण कुठं, कसं, सगळं एका दमात. कॅम्पातल्या शिंप्याचंही सांगून टाकलं, ते सांगायचं नव्हतं खरं तर. दौलतरावांनी ऐकून घेतलं. "ते असू दे. आज अठरा तारीख. आज चौथीला तुम्ही काय शिकवणार, ते मला कुठं दिसेल?" वेणू म्हणाली, "चौथीला एक असं काही नाहीच साहेब. चौथीत सात जणं आहेत." हे उत्तर उद्धट झालं, असं तिला बोलल्यावर वाटलं. दौलतरावांनी हजेरी ओढून घेतली आणि बोट फिरवत एका नावावर थांबले. "पुतळी भीमा. अकरा दिवस गैरहजर. ही आज आली, तर?" वेणू पुठ्ठ्याकडे वळली, तसा त्यांनी हात वर केला. "पुठ्ठ्यावर काय, कुणीही लिहील. वहीवरही लिहितात." त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं नाही, पण वेणूला ते बोट दिसलं, निळं. "मुलगी कुठं आहे?"

मुलगी कुठं असणार? देवळाच्या खालच्याच खाचरात, आत्याच्या शेतावर, आईबापांबरोबर आवणीला वाकलेली. वेणूने ओट्यावरूनच हाक मारली. पुतळी गुडघ्यांपर्यंत चिखलात भरलेली, डोईवरचं इरलं सावरत आली आणि पायरीशीच थांबली. "पाय भरल्यात." "असू दे, वर ये," दौलतराव म्हणाले. ती चढली. साहेबांकडे तिने पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कुणी काही सांगायच्या आत बांबूंकडे गेली. निळी चिंधी शोधली. हात ओले होते म्हणून दोन बोटांनी कडेला धरून पुठ्ठा काढला, त्याच्याकडे बघितलं, मान तिरपी केली आणि म्हणाली, "साहेब, हितपर्यंत येतंय मना. ह्याच्या म्होरचं नाय येत."

'नाही येत' हे पोरगी अशी सांगत होती, जसं कुणी आपल्या घराचा पत्ता सांगावा. दौलतरावांनी तिच्या हातातून पुठ्ठा घेतला आणि न वाचता उलटा करून मांडीवर ठेवला. "पाटी घे. पाचशे त्रेचाळीसमधून दोनशे अठ्ठ्याहत्तर वजा." पुतळीने इरलं बाजूला ठेवलं आणि मांडी घालून मांडलं. दोनशे पासष्ट. बरोबर. "आता पाचशे तीनमधून दोनशे अठ्ठ्याहत्तर." वेणूला माहीत होतं पुठ्ठ्यावर काय आहे. आणि तिला कळेना आपण काय मागावं. पोरगी चुकू नये, असं कुठल्या बाईला वाटणार नाही? पण ती बरोबर आली तर पुठ्ठा खोटा. अकरा दिवसांत खाचरात वाकल्या वाकल्या मनातच शिकली असेल तर? ह्या पोरीचा नेम नाही. वेणूने मारुतीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, देवा, एवढ्या वेळेला चुकू दे तिला. आणि लगेच, काय मागतेय मी, म्हणून जीभ चावली. पुतळीने तेरातून आठ गेले, पाच मांडले. शून्याशी आली. थांबली. पेन्सिल ओठांना लावली. मग दहातून सात, तीन. हातचा राहिला! मग दोन. पाटी तिने वर धरली. दोनशे पस्तीस.

"चुकली!" वेणू ओरडली आणि तिने टाळी वाजवली. "चुकली साहेब! तिथंच चुकली!" सगळी पोरं बाईंकडे बघत राहिली. खालच्या बांधावर उभी असलेली पुतळीची आईसुद्धा मान वर करून बघायला लागली. दौलतरावांनी पुठ्ठा सुलटा केला आणि वाचला, हळूहळू, ओठांतल्या ओठांत. 'वजाबाकी. हातचा येतो. मधे शून्य आलं की हातचा विसरते. इथून पुढे.' त्यांनी पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "शेरेबुक आणा." त्यांनी खिशातलं एक पेन काढून लिहिलं. वही तिच्याकडे वळवून ते उठले. मागच्या शेऱ्याच्या बरोबर खाली लिहिलं होतं, 'टाचण नाही. मेळ आहे. चौथी चालू ठेवावी.' "वही मात्र ठेवत जा हो, बाई," चपला घालताना ते म्हणाले. "वरच्यांना मी बांबू कसे पाठवू?" आणि होडीकडे निघून गेले. वेणूने ते तीन शब्द, 'चौथी चालू ठेवावी', पाच-सहा वेळा वाचले. तिला नाचावंसं वाटत होतं, तिला वडिलांकडे धावत जावंसं वाटत होतं, लोकूमलला सांगावंसं वाटत होतं, राहू दे ती बाही, सावकाश, कधीही.

पुतळी अजून तिथंच उभी होती. "बाई, मी चुकले तर साहेब रागावला नाय?" "नाही गं," वेणू म्हणाली, "उलट." खालून आईने हाक दिली, "पुतळे!" पुतळीने सतरंजीवरून पुठ्ठा उचलला, कडेला लागलेला चिखल परकराला पुसला, आणि पहिल्या बांबूवर, अगदी मागच्याच जागी, नीट अडकवला. इरलं डोक्यावर घेतलं, पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर थांबून तिने मागे पाहिलं आणि मान तिरपी केली.

"बाई, आवणी अजून आठ दिस हाय," ती म्हणाली. "माजा पुठ्ठा हलवू नका."